आठ नद्यांचं माहेर : पोकाहॉन्टस काउंटीतले पाच दिवस

दिवस पहिला (बुधवार) : रिचमंड ते कॅस

"आई, नायगारा की न्यूयॉर्क?" लेकीने, मुग्धाने, विचारलं. मी म्हटलं, ग्रीन बँक.

आम्ही नारायणगावचे. खोडदची जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, आमच्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत. मी शिकवायचे त्या शाळेतले विज्ञानाचे सर नेहमी सांगायचे, की हवी तशी वळवता येणारी जगातली सगळ्यात मोठी रेडिओ दुर्बीण अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या खेड्यात आहे. ते नाव तेव्हापासून डोक्यात होतं. नकाशात शोधलं तर ते वेस्ट व्हर्जिनियात, अपालाचियन डोंगररांगांमधल्या पोकाहॉन्टस काउंटीत निघालं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. महिनाभर वाचत बसले, आणि दुर्बिणीपेक्षा त्या काउंटीचीच ओढ लागली.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. व्हर्जिनियातल्या रिचमंडहून निघालो. मुग्धा गाडी चालवत होती, हे पुढे बसले होते, मी मागे वही घेऊन. स्टॉन्टन सोडलं की २५० नंबरचा रस्ता डोंगरात शिरतो. स्टॉन्टनपासून ओहायो नदीवरच्या पार्कर्सबर्गपर्यंतचा हा जुना टोलरस्ता. त्याची आखणी क्लॉडियस क्रोझे या फ्रेंच माणसाने केली. तो आधी नेपोलियनच्या तोफखान्यात होता. त्याची वळणं ताम्हिणी घाटाची आठवण करून देतात. एक डोंगर चढायचा, उतरायचा, दरीत दोन गोठे आणि एक चर्च, की पुढचा डोंगर उभाच.

मॉन्टेरे गाव मागे टाकून अ‍ॅलेगेनी डोंगराच्या माथ्यावर आलो, तिथे राज्याची हद्द आहे. गाडी बाजूला घ्यायला लावली. इथे पडणारं पावसाचं पाणी दोन वाटांनी जातं. पूर्वेकडचं जेम्स नदीतून अटलांटिकला. पश्चिमेकडचं ग्रीनब्रायर, मग न्यू, मग कनाव्हा, मग ओहायो आणि मिसिसिपी अशा नद्या बदलत मेक्सिकोच्या आखाताला. नाणेघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की हेच तर दिसतं. एका अंगाचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला, दुसऱ्या अंगाचं देशावरून पार बंगालच्या उपसागराला.

या काउंटीत आठ नद्या उगम पावतात : ग्रीनब्रायर, गॉली, एल्क, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट व्हॅली आणि चीट नदीचा शेव्हर्स फोर्क हा फाटा. आठही इथून बाहेर जातात. बाहेरून मोठी अशी एकही नदी इथे येत नाही. पुढचे चार दिवस मला हे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

काउंटीची स्थापना डिसेंबर १८२१ मधली. तेव्हा वेस्ट व्हर्जिनिया राज्यच नव्हतं, हे सगळं व्हर्जिनियात होतं. नाव पोकाहॉन्टसचं, म्हणजे मूळ रहिवाशांचा प्रमुख पोवाटन याच्या मुलीचं. ती वाढली पूर्वेला, समुद्राजवळच्या सखल प्रदेशात, आणि १६१७ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड इथे वारली. या डोंगरांत तिचं पाऊल कधी पडलं नाही. क्षेत्रफळ ९४० चौरस मैलांच्या वर, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७,८६९. नारायणगावच्या बाजारपेठेत टोमॅटोच्या हंगामात एका सकाळी याहून जास्त माणसं दिसतील.

हद्द ओलांडून थोडं पुढे गेलो आणि मुग्धाच्या फोनवरचा नकाशा थिजला. ती म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच नकाशा." ह्यांनी पेट्रोल पंपावर घेतलेला कागदी नकाशा मांडीवर पसरला आणि कॅसपर्यंत एकही वळण चुकू दिलं नाही.

दिवस दुसरा (गुरुवार) : ग्रीन बँक

रात्री कॅसमध्ये उतरलो होतो, त्या घराबद्दल उद्या लिहीन. सकाळी धुकं वर जाईपर्यंत थांबून निघालो. डियर क्रीकच्या खोऱ्यात कुरणं, कुरणांत काळ्या गाई, पाठीमागे लालपिवळा डोंगर, आणि या सगळ्याच्या वर पांढरी दुर्बीण. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं जवळच आहे. बराच वेळ गाडी चालत राहिली तरी ती तेवढीच दूर. उंची ४८५ फूट, पण शेजारी मापाला धरावं असं काहीच नाही, म्हणून डोळा फसतो.

ग्रीन बँक निवडलं ते १९५६ च्या सुमाराला. चहूबाजूंनी डोंगर, म्हणजे शहरांचा रेडिओ-गोंगाट आडला जातो, आणि वस्ती विरळ. त्याच वर्षी राज्याने वेधशाळेभोवती विद्युत उपकरणांच्या त्रासाला आळा घालणारा कायदा केला. १९५८ मध्ये केंद्र सरकारने १३,००० चौरस मैलांचा 'राष्ट्रीय रेडिओ शांतता प्रदेश' जाहीर केला. महाराष्ट्राच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा हा मुलूख. त्यात प्रक्षेपण करणारा कोणताही मनोरा उभारायचा तर आधी वेधशाळेला विचारावं लागतं. अगदी जवळच्या टापूत मोबाइलचा मनोराच नाही.

आत फिरायला डिझेलची बस. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ती ठिणगीसुद्धा दुर्बिणीला ऐकू जाते, म्हणून आतल्या भागात डिझेलच्याच गाड्या. एका ठिकाणी बस थांबली. वाटाड्या मुलगी म्हणाली, इथून पुढे मोबाइल, डिजिटल कॅमेरे, मनगटावरची स्मार्ट घड्याळं सगळं बंद. रीळवाला साधा कॅमेरा चालतो. मुग्धाने आतल्या दुकानातून वापरून टाकायचा एक कॅमेरा आधीच घेतला होता. लहानपणानंतर पहिल्यांदाच तिने बोटाने रीळ पुढे सरकवलं, आणि त्या करकर आवाजाने आम्ही तिघेही हसलो.

दुर्बिणीखाली गेल्यावर कोणी बोलेना. सोळा मोठी पोलादी चाकं गोल रुळावर टेकलेली, आणि त्यांच्यावर हजारो टनांचा डोलारा. आम्ही बघत असतानाच तो सरकायला लागला. किंचित घरघर, बाकी काही नाही. एवढं मोठं काहीतरी एवढं हळू वळताना मी कधी पाहिलं नव्हतं. तबकडी पूर्ण गोल नाही, १०० मीटर बाय ११० मीटर. ती २,००४ पत्र्यांची आहे आणि पत्र्यांच्या कोपऱ्यांखाली २,२०९ मोटरी बसवल्यात. तबकडी कलली की स्वतःच्या वजनाने वाकते, तेव्हा या मोटरी पत्रे पुन्हा जागेवर आणतात.

"तबकडीचं क्षेत्रफळ २.३ एकर," मुलीने सांगितलं. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, म्हणजे आपला विहिरीवरचा तुकडा." आमची द्राक्षं त्याच तुकड्यात आहेत. आकडा मी आधी वाचला होता. पण सगळ्या ओळी, बांबू आणि तारांसकट ती बाग उचलून आभाळात तिरकी धरली आहे असं मनात आलं तेव्हा तो खरा समजला.

खोडदच्या अँटेना याहून अगदी वेगळ्या. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या भागात जवळजवळ, बाकी सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रांगांत दूरवर. जीएमआरटी लांब लहरी ऐकते, म्हणून तिला घन पत्रा लागत नाही, तारेची जाळी पुरते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी दोरीसारख्या ताणलेल्या तारांवर ती जाळी बसवायची युक्ती काढली आणि वजन व खर्च दोन्ही खाली आणले. खोडदच्या तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं. ग्रीन बँकची कुठूनही पांढरीशुभ्र. मात्र दोन्ही गावांची निवड एकाच गोष्टीसाठी झाली : शांतता.

इथल्या मैदानात या शास्त्राचा सगळा वंशवृक्ष उभा आहे. कार्ल जान्स्कीने आकाशातून येणारी रेडिओ खरखर पहिल्यांदा पकडली, त्या लाकडी अँटेनाची प्रतिकृती दारापाशीच आहे. ग्रोट रेबरने १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटन गावात स्वतःच्या परसात, स्वतःच्या पैशाने बांधलेली दुर्बीण आहे, आणि ती मात्र अस्सल. पुढे टाटेल दुर्बीण, ८५ फुटांची. १९६० मध्ये फ्रँक ड्रेकने हिच्यातूनच टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. दुसऱ्या जगातल्या कोणाची हाक ऐकू येते का, याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न. काही आलं नाही. पुढच्या वर्षी मूठभर शास्त्रज्ञ इथेच जमले, आणि आपल्याशी बोलू शकतील अशी जगं आकाशगंगेत किती असतील, याचा अंदाज बांधणारं ते प्रसिद्ध समीकरण ड्रेकने त्यांच्यासमोर फळ्यावर मांडलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते मात्र दोन छायाचित्रांपुढे. १९६२ मध्ये इथे ३०० फुटांची दुर्बीण बांधली, घाईत आणि थोड्या पैशात. क्रॅब तेजोमेघातला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारा तारा, १९६८ मध्ये तिनेच शोधला. काही वर्षांसाठी बांधलेली ती सव्वीस वर्षं चालली. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ९ वाजून ४३ मिनिटांनी सांध्यावरची एक पोलादी पट्टी तुटली आणि सगळी दुर्बीण खाली बसली. कोणी दगावलं नाही. एका छायाचित्रात ती उभी आहे. दुसऱ्यात, अगदी त्याच जागेवरून काढलेल्या, चुरगळलेल्या तारांचा ढीग. आजची मोठी दुर्बीण तिच्या पश्चात आली. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी तिच्यासाठी पैसा मिळवून दिला, नावही त्यांचंच, आणि उद्घाटन ऑगस्ट २००० मध्ये झालं.

दुपारी गावातल्या छोट्या खानावळीत पिंटो बीन्स आणि कॉर्नब्रेड खाल्लं. आपली घेवड्याची उसळ आणि मक्याची जाड भाकरी म्हणा. वाढणाऱ्या बाई साठीच्या, जन्मापासून इथल्या. मी शांततेचं कौतुक केलं तर हात पुसत खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, शांतता छान आहे, पण रात्री गाडी बंद पडली तर दिवा दिसेल त्या घरापर्यंत चालत जावं लागतं. नातवंडं सुट्टीत आली की दोन दिवसांत कंटाळतात. आणि मग म्हणाल्या, वेधशाळेच्या आधी ते सगळं शेत होतं, ही गोष्ट आता सांगणारे थोडे उरलेत.

खरंच, पन्नाशीच्या दशकात सरकारने या खोऱ्यातली शेतं विकत घेतली. काही जुनी शेतघरं अजून आवारात उभी आहेत. बस त्यांच्यापाशी थांबत नाही. मी परत जाताना काचेतून बघितली. एका घराला ओसरी होती आणि ओसरीसमोर सफरचंदाचं म्हातारं झाड.

परतताना गाडीतल्या रेडिओवर १३७० हे एकच स्टेशन लागलं. जवळच्या फ्रॉस्ट गावातून चालणारं, १९८१ साली लोकांनी सुरू केलेलं सामुदायिक केंद्र. जिथे फोन नाही तिथे पूर आला, शाळा बंद झाली, कोण वारलं, हे सांगायला तेच.

दिवस तिसरा (शुक्रवार) : कॅस

आम्ही राहिलो ते घर लाकूड कंपनीच्या कामगाराचं. पांढरं, दुमजली, बाहेर लाकडी कुंपण आणि कुंपणालगत फळ्यांचा पदपथ. अशी एकसारखी घरं ओळीने उभी आहेत. १९०१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने हे गाव वसवलं आणि कंपनीतले एक बडे अधिकारी जोसेफ कॅस यांचं नाव त्याला दिलं. वरच्या चीट माउंटनवर लाल स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं घनदाट जंगल होतं. त्याचं लाकूड कापायचं, खाली आणायचं, आणि लगद्याचं लाकूड रेल्वेने व्हर्जिनियातल्या कव्हिंग्टनच्या कागद गिरणीला पाठवायचं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. जंगलातल्या छावण्यांत राहणाऱ्या लाकूडतोड्यांना इथे 'वुड हिक' म्हणत. इटली आणि ऑस्ट्रियाकडून आलेली कितीतरी पोरं रूळ टाकण्याच्या कामावर होती.

सकाळी स्टेशनात वाफेचं इंजिन उभं होतं. ह्यांना यंत्रांचं वेड. ते थेट त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि मला हाका मारायला लागले, "इकडे ये, इकडे ये, हे आपल्यासारखं नाही." खरंच नव्हतं. आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना आडवे दट्टे असतात. या 'शे' इंजिनाचे तिन्ही सिलिंडर उभे आणि सगळे उजव्याच बाजूला. त्यांचा तोल राखायला बॉयलर चक्क डावीकडे सरकवलेला. सिलिंडरखाली एक लांब दांडा, आणि त्या दांड्यावरचे दातेरी गिअर प्रत्येक चाकाला फिरवतात. दांड्याला मधे मधे सांधे असल्याने वेडेवाकडे रूळ आले तरी चाकं धरून राहतात. गिअरवर काळं वंगण इतकं जाड थापलं होतं की दात दिसत नव्हते. मिशिगनच्या एफ्राइम शेने हे इंजिन काढलं, लायमा नावाच्या ओहायोतल्या कारखान्याने बांधलं. कॅसचं पाच नंबर १९०५ चं आहे. इथलंच सहा नंबर १९४५ चं. त्यानंतर जगात एकही शे बांधलं गेलं नाही.

बॉल्ड नॉब हे शिखर ४,८४० फुटांच्या वर. अकरा मैल चढ, जाऊन-येऊन साडेचार तास. इंजिन मागून ढकलतं. डबे म्हणजे लाकूड वाहायच्या सपाट गाड्यांवर बाकं आणि छप्पर टाकलेलं, बाजू उघड्या. आवाज धडाड-धडाड, त्यामुळे वाटतं गाडी फार जोरात चाललीय. प्रत्यक्षात आमच्या शेजारून एक कुत्रा धावत गेला आणि पुढे निघून गेला.

इथला सगळ्यात कडक चढ शंभर फुटांना अकरा फूट, म्हणजे जवळजवळ नऊ फुटांत एक. बोरघाटात तो ३७ फुटांत एक आहे, आणि तिथेही मागे जादा इंजिनं लावावी लागतात. दुसरी गंमत : चढ कमी करायला वाटेत दोन ठिकाणी गाडी पुढे जाऊन थांबते, खटका बदलतो, आणि मग ती उलटी होऊन वरच्या रुळावर चढते. असं स्टेशन खंडाळ्याजवळ होतं, १९२९ मध्ये ते बंद झालं. मी वर्गात त्याचं चित्र फळ्यावर काढायचे आणि मुलांना ते कधीच नीट कळायचं नाही. इथे पहिल्या खटक्यावर गाडी मागे फिरली तेव्हा मी मुग्धाचा हात धरून म्हटलं, "हेच ते." तिला तो धडा आठवत होता.

मध्ये पाण्यासाठी थांबलो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी इंजिनाच्या टाकीत घेतात. वर पोचलो तेव्हा हिमाचा पातळ थर गवतावर होता आणि स्प्रूसचा वास, ओल्या लाकडाचा आणि थोडा संत्र्याच्या सालीसारखा. झाडं उंच नाहीत, कारण ती दुसऱ्या पिढीची आहेत. पहिल्या पिढीतलं जवळजवळ सगळं कापलं गेलं. तोडीनंतर उरलेल्या फांद्यांच्या ढिगांना आगी लागल्या आणि कित्येक ठिकाणी मातीसुद्धा जळून खाली खडक राहिला. असे उजाड डोंगर आणि खाली आलेले पूर पाहून सरकारने या मुलखातल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली, आणि १९२० मध्ये मोनाँगाहेला राष्ट्रीय वन जाहीर झालं. आज काउंटीची निम्म्याहून जास्त जमीन सरकारी जंगल आहे. मी एका झाडाच्या खोडावर हात ठेवला. खोड माझ्या दोन ओंजळींत मावण्याएवढं, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठं.

१९२० मध्ये काउंटीत १५,००२ माणसं होती. जंगल संपत गेलं तशी माणसं गेली. कॅसची गिरणी १ जुलै १९६० ला बंद पडली. रूळ भंगारात जाणार होते. रेल्वेवर प्रेम करणाऱ्या काही माणसांनी राज्य सरकारच्या मागे लागून ते वाचवले, आणि १९६३ पासून त्याच रुळांवर लाकडाऐवजी माणसं चढू लागली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे असे किती रूळ, किती गिरण्या आपण डोळ्यांदेखत जाऊ दिल्या.

गिरणीची इमारत १९८२ मध्ये जळाली. तिचे अवशेष गवतात दिसतात.

दिवस चौथा (शनिवार) : मार्लिंटन

आज रमत-गमत. मार्लिंटन हे काउंटीचं मुख्य गाव, ग्रीनब्रायर नदीच्या काठावर. इथली एक गोष्ट सगळे सांगतात. १७४९ मध्ये जेकब मार्लिन आणि स्टीफन स्युएल या दोघांनी इथे झोपडी बांधली. अ‍ॅलेगेनीच्या पश्चिमेला इंग्रजांची ही पहिली वस्ती मानतात. आजूबाजूला माणूस नाही, आणि दोघांचं धर्मावरून भांडण झालं. स्युएल उठला आणि जवळच्या सिकमोर झाडाच्या ढोलीत राहायला गेला. १७५१ मध्ये जमीन मोजायला आलेल्या अँड्र्यू लुइसला दोघे असे वेगवेगळे राहताना सापडले. सांगतात, की रोज सकाळी एक झोपडीतून आणि एक ढोलीतून बाहेर यायचा आणि दोघे एकमेकांना आदराने रामराम करायचे. शेजारी राहणाऱ्या भावंडांची अशी घरं आमच्या आळीत दोन आहेत, पण त्यांच्यात सकाळचा रामरामही उरलेला नाही.

रेल्वे १९०० मध्ये मार्लिंटनला पोचली आणि डिसेंबर १९७८ मध्ये शेवटची गाडी गेली. रूळ उखडले आणि त्या जागी ७८ मैलांची पायवाट झाली, ३५ पूल आणि दोन बोगद्यांसकट. आम्ही तिच्यावर दोन तास चाललो. डावीकडे नदी, तळाचा प्रत्येक गोटा दिसावा इतकी नितळ. वाटेत एक काँक्रीटचा खांब लागला, कमरेच्या वर येणारा, त्यावर कोरलेलं इंग्रजी डब्ल्यू अक्षर. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, अशी ड्रायव्हरला खूण. अक्षराच्या खोबणीत शेवाळ होतं. रूळ गेले, गाडी गेली, खांब मात्र आहे. हे त्याच्यापाशी थांबले, घसा साफ केला आणि तोंडाने दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिटी वाजवली. समोरून सायकलवर येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. त्यांचे वडील या मार्गावर काम करत होते. पुढचा अर्धा तास ते आणि हे, मुग्धाला मध्ये घालून, रुळांच्या वजनावर बोलत राहिले.

त्यांनीच पुराचं सांगितलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये नदीने गाव बुडवलं, १९९६ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा लोकांनी गाळ उपसला आणि तिथेच राहिले. इथली आणखी एक प्रसिद्ध गोष्ट सप्टेंबरअखेरची : गाडीखाली सापडणाऱ्या जनावरांच्या मांसाची पाककृती-स्पर्धा, १९९१ पासूनची. ऐकायला विचित्र वाटतं, पण १९९८ च्या कायद्याने असं जनावर घरी नेण्याची मुभा दिली आहे, आणि मेलेलं हरिण रस्त्यावर सडू देण्यापेक्षा ते बरं, असं ते शांतपणे म्हणाले. मला पटलं. वसंतात इथे रॅम्प नावाचा रानकांदा उगवतो. त्याच्या वासाने शाळेतून मुलांना घरी पाठवत. पहिल्या पावसानंतर टाकळ्यासाठी डोंगरात जाणारी आमची आजी त्यांना आवडली असती.

संध्याकाळी एका ओसरीवर तिघे म्हातारे फिडल आणि बँजो वाजवत होते. इथल्या हॅमन्स घराण्यात अशा जुन्या चाली पिढ्यानपिढ्या राहिल्या. एडन हॅमन्सचं वादन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, म्हणून ते वाचलं. आम्ही थंडीत कुडकुडत शेवटपर्यंत उभे होतो.

दिवस पाचवा (रविवार) : हिल्सबरो, ड्रूप माउंटन आणि परत

हिल्सबरोला लेखिका पर्ल बक यांचं जन्मघर बाहेरून पाहिलं. २६ जून १८९२ चा जन्म. आईवडील मिशनरी, चीनमधून रजेवर आले होते. काही महिन्यांची असतानाच तिला चीनला नेलं. १९३८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, अमेरिकेतल्या स्त्रीला पहिल्यांदाच. पांढरं दुमजली घर, दोन्ही मजल्यांना ओसरी, समोर मोकळं कुरण. इथून निघून समुद्रापार जाणाऱ्यांत तीही एक.

ड्रूप माउंटनवर ६ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेच्या यादवी युद्धातली, उत्तर विरुद्ध दक्षिण अशी लढाई झाली. वेस्ट व्हर्जिनिया व्हर्जिनियापासून फुटून वेगळं राज्य होऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते. दक्षिणेचा एकोल्स डोंगरमाथ्यावर तोफा लावून बसला होता, खालून उत्तरेचा एव्हरेल. एव्हरेलने समोरून हल्ल्याचा देखावा केला आणि कर्नल मूर यांचं पायदळ डोंगराला लांब वळसा घालून डाव्या बगलेवर पाठवलं. दुपारी ते झाडीतून बाहेर पडलं आणि माथा पडला. गड समोरून घेत नाहीत, हे आम्हा जुन्नरकरांना वेगळं सांगायला नको. एकोल्सच्या बाजूने एक ब्रिगेड लढवणाऱ्या जॉर्ज पॅटनचा नातू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जनरल पॅटन. पण मला रुतलं ते वेगळंच : दोन्हीकडे याच डोंगरांतली पोरं होती, काही एकाच घरची. लाकडी मनोऱ्यावर चढलो. खाली हिल्सबरोची सपाटी, 'लिटल लेव्हल्स', उन्हात पिवळी पडलेली.

क्रॅनबेरी ग्लेड्सला पाऊस लागला. दलदलीवरून फळ्यांची अर्ध्या मैलाची वाट आहे, ती छत्रीतून पुरी केली. शेवाळात किडे खाणारी लालसर घटपर्णी दिसली. दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती थंडीमुळे मिटून बसली होती. कासच्या पठारावरची तिची बहीण मी पाहिली आहे, त्यावर समाधान मानलं.

परतीला ३९ नंबरचा रस्ता धरला, कारण वाटेत हंटर्सव्हिल लागतं. १८२१ पासून सत्तर वर्षं हे काउंटीचं मुख्य ठिकाण. शिकारी इथे कातडी विकायला जमत, त्यावरून नाव. १८९१ मध्ये कचेरी मार्लिंटनला गेली. आज रस्त्याच्या कडेला थोडी घरं आणि १८५० च्या दशकातलं पांढरं चर्च. आम्ही पाच मिनिटं थांबलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. एका अंगणात सरपण रचून ठेवलेलं होतं, टोकं इतकी एका रेषेत कापलेली की ह्यांनी खाली उतरून पाहिलं.

डोंगर चढताना वही काढली. खोडदला दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, आमच्या शाळेची मुलं ट्रॅक्टर-टेंपोतून जातात. मी त्यांना शिवनेरी दाखवली, नाणेघाटातले रांजण आणि शिलालेख वाचून दाखवले. खोडदला मी कधी गेले नाही, ते विज्ञानाच्या सरांचं काम समजत राहिले. ग्रीन बँकच्या त्या बाईंचं वाक्य कानात होतं.

मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं : खोडद. कोणाला विचारायचं? सखूआत्या, पंच्याऐंशी वर्षांच्या, त्यांचं सासर तिथलंच. त्यांच्याकडे डिसेंबरात जायचं, द्राक्षाची छाटणी उरकली की.

त्याखाली पहिला प्रश्न : अँटेना उभ्या राहिल्या त्या रानांत त्याआधी काय पिकत होतं?